धारूरच्या उतारावरची मेंढी

मुलीला मी समुद्र कबूल केला होता. तिच्या वाढदिवसाला, केक कापताना, सगळ्यांच्या देखत. दसऱ्याच्या आधी कोकणात जायचं, असं ठरलं. बायको बँकेत नोकरीला. तिने बाकीच्यांच्या पाळ्या स्वतःकडे घेऊन त्यासाठी सुट्टी साठवली. मुलीने शाळेत सांगून टाकलं होतं की ती येताना सगळ्यांना शिंपले आणणार आहे.

आणि मग मला ते काम मिळालं. एका पर्यटन कंपनीला मराठवाड्यातल्या ठिकाणांचं कॅलेंडर काढायचं होतं. बीड जिल्ह्यातली ठिकाणं माझ्याकडे आली: माजलगावचं धरण, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची लेणी. मी लग्नांचे फोटो काढतो. हळद, सप्तपदी, पाठवणी, आणि हल्ली लग्नाआधी जोडप्यांना शेतातून पळवणं. इतक्या वर्षांत कुणी नवरीसाठी नाही, माझ्या नजरेसाठी मला बोलावलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. पाऊस संपत आलेला, डोंगर हिरवे होते तोवरच फोटो हवे होते. म्हणजे त्याच सुट्टीत.

घरी मी सरळ सांगितलं नाही. म्हणालो, "यंदा बीडकडे जाऊ. माझं बालपण तिकडं गेलं, पोरीनं कधी बघितलंच नाही." हे खोटं नव्हतं. माझे वडील दिंद्रुडला शाळेत शिक्षक होते, दहावीपर्यंत मी तिथंच वाढलो. पण खरंही नव्हतं. बायकोला कळलं ते निघायच्या दिवशी, गाडीची डिकी उघडल्यावर. आत ट्रायपॉड आणि मोठ्या लेन्सची पेटी होती. कपड्यांच्या बॅगा मागच्या सीटवर मुलीच्या पायाशी ठेवाव्या लागणार होत्या.

"काम आहे का तिकडं?" तिने विचारलं.

"थोडंसं. सकाळी काम, नंतर फिरणं. दोन्ही होईल."

बॅगा उचलून तिनेच मागे ठेवल्या. मुलगी म्हणाली, "पप्पा, बीडला समुद्र आहे का?" मी म्हणालो, "धरण आहे. समुद्राएवढंच."

माजलगावच्या धरणावर पोचलो तेव्हा ते खरंच समुद्राएवढं दिसत होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. मुलगी चपला काढून धावली आणि पाण्याच्या कडेला जाऊन थांबली. लाटा बघत म्हणाली, "खारट आहे का?" बायको हसली. त्या सहलीतलं तिचं ते पहिलं हसू. मी तेव्हा त्यांच्यासोबत बसायला हवं होतं. पण ढगांमधून उन्हाचा एक पट्टा पाण्यावर सरकत होता आणि एक मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होता. मी बांधावरून पळत सुटलो. "पाचच मिनिटं" म्हणालो. परत आलो तेव्हा मुलगी बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. डब्यातल्या पोळ्यांना वारा लागून त्या कडक झाल्या होत्या. बायकोने माझ्यासाठी काढून ठेवलेल्या वाटीवर झाकण होतं.

"ती तुमची वाट बघत होती," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर दगड फेकायचे होते तिला."

"उद्या अंबाजोगाईला जाऊ. तिथं दगडाचे हत्ती आहेत, खरे असतात तेवढे मोठे. दाखवतो तिला."

"मला नका सांगू. तिला सांगा."

जाग आल्यावर मी तिला हत्तींचं सांगितलं. तिला ते समुद्रापेक्षा आवडलं असावं. लॉजवर जेवताना तिने विचारलं की त्यांच्यावर बसू देतात का.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेलगाववरून धारूरचा घाट चढलो. वाटेत रस्त्याच्या कडेला बायका टोपल्यांत सीताफळं घेऊन बसल्या होत्या. आम्ही पाटीभर घेतली. मुलगी खिडकीतून बिया बाहेर थुंकत होती आणि त्या किती लांब जातात ते आईला सांगत होती. ठरलं असं होतं, की ऊन चढायच्या आत माझं काम उरकायचं आणि मग थेट अंबाजोगाई.

पण ऊन चढलंच नाही. आभाळ राखाडी, सपाट. किल्ला दगडाच्या ढिगासारखा दिसत होता. मी बुरूज काढले, तट काढला, तळ्यातलं शेवाळलेलं पाणी काढलं. एकातही जीव नव्हता. बायको आणि मुलगी तटावर बसून कंटाळल्या. दुपार कलायला आली. "निघायचं का?" असं बायकोने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी आभाळाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात तटाच्या खालच्या उतारावर मेंढ्या दिसल्या. मोठा कळप, काळ्या-तपकिरी मेंढ्या, मधेच एखादी पांढरी. पुढे हिरव्या लुगड्यातली एक बाई, मागे पांढऱ्या पटक्यातला म्हातारा. हिरव्या गवतावरून तो कळप सांडल्यासारखा खाली येत होता. मी पेटी उचलली. मुलगी माझ्या आधी पळाली.

बाई तिशीतली असेल. म्हातारा तिचा सासरा. नवरा दुसरा कळप घेऊन खालच्या रानात गेला होता. म्हाताऱ्याने आधी मला, मग कॅमेऱ्याला न्याहाळलं. "कुठले पाव्हणे?"

"मूळ दिंद्रुडचे. वडील तिथं गुरुजी होते."

"दिंद्रुड म्हंजी जवळच की. कोणच्या आळीतले?"

हा प्रश्न आमच्याकडे टळत नाही. आम्ही बौद्ध, ते मी सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली, "बसा की मग, च्या टाकायला लावतो," म्हणाला आणि काठीने दगड साफ करून बायकोला बसायला जागा करून दिली.

मुलगी तोवर एका मेंढीपाशी पोचली होती. ती मेंढी बाकीच्यांसारखी बुजत नव्हती. काळी, कपाळावर पांढरा टिळा, एक कान टोकाला दुमडलेला. मुलीच्या हातातल्या सीताफळाला तोंड लावायला ती पुढे आली तशी मुलगी किंचाळून हसली.

"ती माजी हाय," बाई म्हणाली. "बाकीच्या घरच्या, ही माजी. लग्नात माज्या बापानं एक मेंढी दिलती, तिच्या पोटची ही. बाप गेला औंदा. आता तेवढीच हाय त्याची."

"नाव काय तिचं?" मुलीने विचारलं.

"नाव कशाला? मी हाळी मारली की येती." आणि तिने ओठांनी एक आवाज काढला. मेंढी खरंच वळून तिच्याकडे गेली आणि तिच्या गुडघ्याला डोकं घासू लागली. बाईने तिच्या पोटावरून हात फिरवला. "गाभण हाय. दिवस भरत आलेत." मुलीला तिने तिथं हात लावू दिला. आत काहीतरी हललं तेव्हा मुलीचा चेहरा जो झाला, तो मी काढायला हवा होता. मी तेव्हा उतार, कळप आणि किल्ल्याचा तट एका चौकटीत कसा बसवायचा ते बघत होतो.

बाईच म्हणाली, "भाऊ, माजा अन् हिचा एक फोटू काढा की." मी कॅमेरा उभा धरून काढला. ती ताठ उभी राहिली, एक हात मेंढीच्या मानेवर, हातात हिरव्या बांगड्या. मी दाखवल्यावर लाजली. "मोबाईलवर पाठवताव का?"

"पाठवतो की." आम्ही नंबर घेतले.

मग मी माझं सांगितलं. कळप त्या वरच्या धारेवरून एका रांगेत न्यायचा. मागे तट येईल. एवढंच.

म्हातारा मेंढ्या वर घेऊन गेला आणि परत घेऊन आला. आभाळ तसंच. मी म्हणालो, अजून एकदा. पुन्हा गेले, पुन्हा आले. मेंढ्यांना वाटेत चरायचं होतं, रांग मोडत होती. बायको दगडावरून उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पुरे झालं ना. त्यांची काय शूटिंग आहे का? अंबाजोगाईला कधी जायचं आपण?"

"ऊन येतंय. तिकडं बघ, ढग फाटतोय."

ढग खरोखरच फाटत होता. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाई म्हणाली, "भाऊ, आता राहू द्या. ती दमली. दिवस भरलेलीला सारखं वर-खाली न्हाई करू." मेंढीच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, बाकीच्यांच्या मागे ती रेंगाळत होती. मला ते दिसत होतं. मी म्हणालो, "ताई, एकदाच. शेवटचं. हे झालं की निघालोच आम्ही."

तिने सासऱ्याकडे बघितलं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, असं त्या दोघांच्या तोंडावर होतं. दोघं कळप घेऊन पुन्हा वर गेली.

आणि ऊन आलं. पिवळंधमक, तिरपं. तट उजळला, गवत उजळलं, मेंढ्यांच्या पाठींच्या कडा सोन्यासारख्या झाल्या. पण कळप थांबला होता. पुढच्या मेंढ्या चरायला लागल्या होत्या आणि ऊन किती टिकेल याचा भरवसा नव्हता. मी एक हात वर करून ओरडलो. "हो, हो, हो!" म्हणून जोरात टाळ्या वाजवल्या. मी कधी मेंढ्या राखल्या नाहीत. मला वाटलं, त्या चालायला लागतील.

त्या उधळल्या. सगळा कळप एकदम धारेवरून खाली फुटला, धूळ उडाली, उन्हात ती धूळ पेटल्यासारखी झाली. आणि मी बटण दाबून धरलं. बाई कळपाच्या मध्ये, पदर सुटलेला, मागे वळलेली, हात लांब केलेला. कुणाकडे हात केला होता ते मला चौकटीत दिसत नव्हतं. मला फक्त दिसत होतं की हा फोटो आहे. आयुष्यभर ज्याची वाट बघावी तसला.

मुलगी ओरडली. तिने बघितलं होतं.

किल्ल्याच्या बाजूला उतारावर एक जुना दगडी बांध आहे, माणूसभर उंचीचा. गर्दीच्या रेट्यात ती मेंढी तिथून खाली गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती कुशीवर पडली होती, एक पाय हलवत होती, उठता येत नव्हतं. बाई आधीच तिच्याजवळ बसली होती. तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तोच आवाज ओठांनी काढत होती, सारखा, सारखा. मेंढीचा दुमडलेला कान हलायचा.

म्हातारा म्हणाला, "गाडी हाय ना तुमची? धारूरात ढोरांचा दवाखाना हाय."

मी आणि म्हाताऱ्याने तिला वर चढवलं. डिकीत लेन्सची पेटी होती. बायकोने माझी वाट न बघता ती उचलून रस्त्यावर ठेवली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचलून पुढच्या सीटच्या पायाशी कोंबली. मेंढीला डिकीत ठेवलं, बाई तिच्याबरोबर अंग चोरून बसली. म्हातारा कळपापाशी राहिला. मुलगी आईच्या मांडीवर मागे तोंड करून बसली होती. "तिला दुखतंय का?" ती विचारत होती. बाई म्हणाली, "थोडं दुखतंय, बाई. होईल बरं." मुलीला धीर ती देत होती.

डॉक्टर दवाखान्यातच भेटले. त्यांनी मेंढीला अंगणातल्या लिंबाखाली निजवलं, पोट चाचपलं आणि आम्हाला पोरीला बाजूला न्यायला सांगितलं. मुलगी गेली नाही. मी तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला. कोकरू मेलेलंच आलं. पूर्ण झालेलं होतं, खूर, कान, सगळं. कपाळावर टिळाही होता. बाईने ते पदराने पुसलं, जिवंत असल्यासारखं, आणि बाजूला ठेवलं. मग पुन्हा मेंढीकडे वळली.

"ही जगेल का, सायब?"

"इंजेक्शन दिलंय. पाय मोडलाय, तो बांधतो. आतून मार किती लागलाय ते आत्ता सांगता येत नाही."

मी पुढे होऊन बोलायला लागलो. माझी चूक झाली, मी हात वर करायला नको होता, जे काही लागेल ते मी. बाईने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. रागाने नव्हे. तिचं लक्ष पाय बांधणाऱ्या हातांकडे होतं. बायकोने माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं. "आत्ता तुमचं नका काढू," ती म्हणाली.

आम्ही दोघींना परत उतारावर सोडलं, बाईला आणि मेंढीला. म्हाताऱ्याच्या हातात मी पाकिटात होतं ते ठेवलं. त्याने ते घेतलं आणि मुंडाशात खोचलं. तो नको म्हणाला असता तर मला सोपं गेलं नसतं, आणि त्याने घेतल्यानेही गेलं नाही. अजून उजेड होता. अंबाजोगाई तासाभरावर होती. मी मुलीला विचारलं, "हत्ती बघायचे ना?"

"मला घरी जायचंय."

घरापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलली, पण कुजबुजत.

घरी आल्यावर दोन दिवस मी कॅमेऱ्यातलं कार्ड बाहेर काढलं नाही. मग एका दुपारी, बायको बँकेत आणि मुलगी शाळेत असताना, सगळे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. उधळलेल्या कळपाचा तो फोटो पडद्यावर आला आणि मी खुर्चीत मागे टेकलो. माझ्या हातून तसं काही आधी झालेलं नव्हतं. कॅलेंडरचं मुखपृष्ठ त्याच्याशिवाय दुसरं होऊच शकत नव्हतं. त्या धुळीत, डाव्या कोपऱ्यात, बांधाच्या कडेशी एक काळी मेंढी होती. तिचे पुढचे पाय जमिनीवर नव्हते.

मी तो फोटो पुसला. मग त्याच्या आधीचे, नंतरचे, त्या उतारावरचे सगळे. एकेक बघवेना, म्हणून एकदम निवडले आणि काढून टाकले. कार्ड कॅमेऱ्यात घालून तेही कोरं केलं. त्या क्षणी मला खूप हलकं वाटलं. आपण काहीतरी सोडलं, मोठं काही सोडलं, असं. कंपनीला मी धरणाचे आणि किल्ल्याचे फोटो पाठवून दिले, लेणी जमली नाहीत म्हणून कळवलं.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिला बरं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ती कणीक मळत होती. मळता मळता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "तिचापण पुसला?"

मला कळायला वेळ लागला. बाईचा. मेंढीच्या मानेवर हात ठेवून काढलेला. मी पाठवतो म्हणालो होतो.

"सगळेच पुसले," मी म्हणालो. ती पुन्हा मळायला लागली.

फोन त्यानंतर काही दिवसांनी आला. मी एका साखरपुड्याच्या कामावर होतो, नंबर ओळखला आणि हॉलच्या बाहेर आलो.

"भाऊ, मी धारूरहून बोलती. मेंढीवाली."

"बोला ताई. कशी आहे ती?"

"गेली ना. परवा. खातच नव्हती." मग म्हणाली, "त्यो फोटू पाठवायचा ऱ्हायला तुमच्याकडून. तिचा दुसरा न्हाई माज्यापाशी. तेवढा पाठवा."

मी म्हणालो, "पाठवतो ताई. आज बाहेर आहे. पाठवतो."

त्याच कार्डावर तोवर मी एक हळद आणि हा साखरपुडा भरला होता. तरी पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्या ओळखीच्या दुकानात कार्ड घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, "वरून नवं लिहिलंय यार, काय निघणार?" पण मशीनला लावून बघतो म्हणाला. निघालं ते असं: अर्धे डोंगर, अर्धे आभाळ, बाकी राखाडी पट्टे. उधळलेल्या कळपाचा तो फोटो अजिबात निघाला नाही. बाईचा एक निघाला, अर्धा. कॅमेरा उभा धरला होता म्हणून कापही उभाच पडला होता. ज्या बाजूला ती होती ती सगळी राखाडी. दुसऱ्या बाजूला मेंढीचं डोकं, टिळा, दुमडलेला कान आणि मानेवर ठेवलेला हात, मनगटापर्यंत. बांगड्यांच्या पुढे काही नाही.

हे कसं पाठवायचं? मी पाठवलं नाही. तिचे फोन आले. मी उचलले नाहीत. कामात आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. शेवटी एका रविवारी फोन टेबलावर वाजत होता, मी नुसता बघत होतो, तेव्हा बायकोने तो उचलला आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. बायको म्हणाली, "थांबा, त्यांनाच विचारा," आणि फोन माझ्या हातात दिला.

"कावून पुसले, भाऊ?" बाईने विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

"मला वाईट वाटलं म्हणून, ताई. बघवत नव्हतं."

मागे मेंढ्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "वाईट तुमाला वाटलं, म्हून तुमी माजा फोटू पुसला व्हय."

मला वाटलं होतं, मी माझ्याकडचं सगळ्यांत चांगलं देऊन टाकलं. ते माझं नव्हतंच. मी स्वतःला शिक्षा केली आणि ती भरली तिने.

"अर्धा निघालाय," मी म्हणालो. "तुम्ही दिसत नाही त्यात. ती दिसते."

"मग मला कुठं मी पाहिजे?" ती म्हणाली. "ती दिसती का, तेवढं सांगा."

"दिसते."

"तर मग आणा."

पाठवा नाही म्हणाली, आणा म्हणाली. दिवाळी झाल्यावर त्यांचा कळप गोदावरीच्या बाजूला उतरतो. शेतं मोकळी झाली की मेंढ्या रानात बसवायच्या, खत होतं. फोनवर विचारत विचारत आम्ही तलवाड्याच्या पुढे एका कापसाच्या रानाशेजारी त्यांचा तळ शोधला. बायकोने स्वतःहून सुट्टी घेतली होती. मुलगी यायचं का नाही हे शेवटपर्यंत सांगत नव्हती. निघताना गाडीत येऊन बसली.

मी तो अर्धा फोटो मोठा छापून आणला होता. राखाडी बाजू कापून टाकू का, असं दुकानदाराने विचारलं होतं. मी नको म्हणालो. कापलं असतं तर ते फोटोसारखं दिसलं असतं, आणि तसं दिसू नये असं मला वाटलं.

बाई चुलीवर काहीतरी रटरटत ठेवून आली. हात पुसून तिने फोटो घेतला, उन्हाकडे धरला. राखाडी भागाकडे तिने बघितलंच नाही. बोटाने कान दाखवून सासऱ्याला म्हणाली, "हे बघा, कान." म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "तीच," तो म्हणाला. "तुज्या बापाकडल्या समद्यांचा कान तसाच." मग तिने हात दाखवला. "अन् ह्यो माजा हात." त्या वेळच्या बांगड्या तिच्या हातात नव्हत्या. दुसऱ्या होत्या, लाल.

मी बोलायला सुरुवात केली, "ताई, त्या दिवशी मी..." गाडीत ते मी किती वेळा मनात म्हटलं होतं. तेवढ्यात शेताच्या मालकाने बांधावरून हाक मारली. मेंढ्यांभोवतीची जाळी आजच्या आज पलीकडच्या तुकड्यात हलवायची होती. ती "आले, आले" करत उठली. फोटो तिने कपड्यांच्या गाठोड्यात घड्यांच्या मध्ये सरळ ठेवला, दुमडणार नाही असा, आणि खुंट्या उपटायला गेली.

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने विचारलं, "आपण मदत करू का त्यांना?" मी हो म्हणालो. बायको आधीच जाळीचं एक टोक धरून उभी होती. आम्ही खुंट्या वाहून नेल्या. म्हाताऱ्याने मुलीला ठोकायला एक लहान दगड दिला. ठोकलेली खुंटी तिरपी झाली की तो हसायचा आणि पुन्हा सरळ करायला लावायचा. जाळी लागेपर्यंत ऊन कलत आलं. बाईने भाकरी आणि आमटी वाढली, आम्ही खाल्ली. ती आम्हाला आग्रह करत होती, बायकोशी पोरीच्या शाळेचं बोलत होती. माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. "घ्या भाऊ, अजून एक." मी घेतली.

मला काय म्हणायचं होतं ते तिने ऐकलं नाही, आणि मी पुन्हा काढलंही नाही. निघताना मुलगी म्हाताऱ्याच्या पाया पडली. गाडी चालू केल्यावर ती माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली, खिडकी खाली केली आणि जाळीच्या आतल्या मेंढ्या दिसेनाशा होईपर्यंत मागे बघत राहिली.